देवडीवरचा मुखत्यार

जुन्या मराठी वाड्याला देवडी असे. दिंडी दरवाजातून आत शिरलेल्या माणसाला एकदम सदरेवर जाता येत नसे. देवडीवर बसलेला माणूस त्याचे नाव, गाव आणि काम विचारी. त्याच्या हातचा कागद घेई. तो फडणिसाकडे जावयाचा की पोतनिसाकडे हे ठरवी. आणि आतून उत्तर आले म्हणजे तेही आपल्याच हाताने बाहेर आणून देई. वाड्यात दालने किती, कोणता कारकून रजेवर आहे, कालपर्यंत तळमजल्यावर असलेले दप्तर आज माडीवर गेले आहे काय, याची विचारपूस बाहेरच्या माणसाने करण्याचे कारणच नसे. त्याची ओळख एका दाराशी.

संगणकांच्या ज्या जागतिक जाळ्याला आता सर्वत्र वेब असे म्हणतात, त्या जाळ्यावर गेल्या तीस वर्षांत अशीच एक देवडी उभी राहिली आहे. पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या लोकसेवा केंद्रात जातीच्या दाखल्यासाठी खिडकीपाशी उभा असलेला माणूस आपला अर्ज कोठे जातो याचा विचार करीत नाही. खिडकीआडचा तरुण कळफलकावर नाव-गाव टिपतो, एक कळ दाबतो, आणि थोड्या वेळाने पोचपावतीचा कागद बाहेर येतो. परंतु आजच्या बहुतेक मोठ्या संकेतस्थळांच्या मांडणीत अशा विनंतीची पहिली गाठ प्रत्यक्ष काम करणाऱ्या संगणकाशी पडत नाही. ती पडते पुढे उभ्या असलेल्या एका वेब सर्व्हरशी. दाखल्यांची सेवा, शुल्काची सेवा, अर्जाची स्थिती सांगणारी सेवा या सर्व त्याच्या पाठीशी निरनिराळ्या यंत्रांवर चालू असतात, आणि पुढचा सर्व्हर विनंतीचा पत्ता वाचून ती ज्या दालनाची त्या दालनात पोचती करतो. या व्यवस्थेचा इतिहास सतपुड्याच्या पायथ्याशी बसून वाचण्याजोगा आहे. कारण दारे बदलल्याने काय होते, हे त्या भागाइतके थोड्याच मराठी मुलखाने अनुभवले असेल.

पांढुर्णा आणि सौंसर हा कापसाचा, संत्र्यांचा आणि मराठी बोलीचा प्रदेश. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १९३६ मध्ये नागपुरास उच्च न्यायालय आले. जिल्ह्याची कचेरी घाट चढून छिंदवाड्यास. परंतु प्रांताचे सरकार, वरिष्ठ न्यायालय, बाजारपेठ आणि सोयरीक ही सर्व घाटाखाली, नागपूरच्या बाजूस. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्याबरोबर त्याचा हा मराठी भाग, नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ झाली, उच्च न्यायालय जबलपुरास गेले. लोक होते तेथेच राहिले, शेते होती तेथेच राहिली, आणि कागद घेऊन जावयाची दारे मात्र एका दिवसात दूरच्या दोन शहरांत जाऊन बसली. त्यानंतर सदुसष्ट वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. पुन्हा दार बदलले. या वेळी ते जवळ आले हे खरे. पण कोणता कागद आता कोठे द्यावयाचा, हे पुन्हा नव्याने शिकणे भागच पडले.

दार न हलविता घराची आतील रचना बदलता यावी, ही सोय दगडमातीच्या कचेऱ्यांना कधी साधली नाही. यंत्रांच्या जगात ती साधली; पण तीही एकदम नव्हे, आणि प्रारंभी तर निराळ्याच हेतूने.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर चालविला, तेव्हा पान म्हणजे तबकडीवर ठेवलेली एक फाइल होती. कोणी मागितली की उचलून द्यावयाची, एवढेच काम. देवडीची गरज नव्हती, कारण वाडाच एका खोलीचा होता. लवकरच मोठ्या संस्थांनी आपल्या संगणकांभोवती संरक्षक भिंती घातल्या, आणि आतल्या माणसांना बाहेरची पाने कशी मिळावीत असा प्रश्न उभा राहिला. सर्नच्याच सर्व्हरमध्ये त्याचे उत्तर बसविण्यात आले, आणि १९९४ मध्ये अरी लुओतोनेन व केव्हिन आल्टिस यांनी ते एका निबंधात मांडले. भिंतीच्या वेशीत एक मध्यस्थ बसवावा. आतल्यांनी त्याच्याकडे मागणी करावी, त्याने बाहेर जाऊन पान आणावे, आणि वारंवार मागितल्या जाणाऱ्या पानाची नक्कल जवळ ठेवून द्यावी. या मध्यस्थास प्रॉक्सी हे नाव मिळाले. मराठी कचेरीला या शब्दासाठी फार शोध घ्यावा लागला नसता. दुसऱ्याच्या वतीने, त्याच्या अधिकाराने काम पाहणारा तो मुखत्यार.

पण हा मुखत्यार मागणाऱ्यांचा होता. पुढच्या काही वर्षांत तोच मुखत्यार देणाऱ्यांच्या दारी येऊन बसला. अशा उलट बाजूच्या मुखत्यारास रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात.

त्याची गरज निर्माण झाली ती पानाचे स्वरूप पालटल्यामुळे. १९९३ च्या सुमारास अशी युक्ती निघाली की, सर्व्हरने तयार फाइल देण्याऐवजी एखादा कार्यक्रम चालवावा आणि त्याने त्या क्षणी घडविलेले पान पाठवावे. वेबवर अर्ज भरणे, तिकीट काढणे, निकाल पाहणे हे सर्व या युक्तीपासून शक्य झाले. मात्र ती खर्चिक होती. प्रत्येक विनंतीस एक नवा कार्यक्रम सुरू व्हावयाचा आणि उत्तर देऊन संपावयाचा. म्हणजे प्रत्येक अर्जदारासाठी नवा कारकून नेमून, अर्ज निकालात निघताच त्याला काढून टाकावे, असा तो कारभार. मग कारकुनांना कायम ठेवण्याचे मार्ग निघाले. पाठीमागे सेवा अखंड चालू ठेवावयाची आणि पुढच्या सर्व्हरने काम तिच्याकडे सोपवावयाचे, असे श्रमविभाजन रूढ होऊ लागले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला अपाची हा सर्व्हर त्या काळी सर्वांत लोकप्रिय होता. १९९६ च्या त्याच्या आवृत्तीत मुखत्यारीचा भाग जोडला गेला. जानेवारी १९९७ मध्ये वेबच्या संभाषणाचे नवे प्रमाण आले व त्यात प्रत्येक विनंतीने आपल्याला कोणत्या नावाच्या घरी जावयाचे आहे हे स्पष्ट सांगण्याचे बंधन घातले गेले. हा नियम दिसावयास किरकोळ आहे. पण त्यामुळे एकाच दारावर शेकडो घरांच्या पाट्या लावता आल्या, आणि देवडीवरच्या माणसास कोण कोणाकडे आले आहे हे विचारल्यावाचून कळू लागले.

तथापि गर्दीचा प्रश्न उरलाच होता. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एक साधा सवाल टाकला: एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार ग्राहकांशी संबंध का ठेवू नये? यंत्राचे बळ तेवढे होते. कामाची रीत आड येत होती. अपाचीची त्या काळची रीत अशी की, आलेल्या प्रत्येक पाहुण्यामागे एक सेवक द्यावयाचा, आणि पाहुणा निघून जाईपर्यंत त्या सेवकाने दुसरे काही करावयाचे नाही. पाहुणा नुसता ओसरीवर बसून राहिला तरी सेवक अडकलेलाच. मॉस्कोत रॅम्बलर या कंपनीत काम करणारे इगोर सिसोएव्ह यांनी २००२ पासून या अडचणीवर काम केले, आणि ४ ऑक्टोबर २००४ रोजी, पहिल्या स्पुटनिकच्या उड्डाणाच्या वर्धापनदिनी, आपला सर्व्हर जगास मोफत खुला केला. त्याचे नाव इंजिन-एक्स. यात सेवक थोडेच असतात; पण त्यांतील एकेक जण हजारो पाहुण्यांवर नजर ठेवतो. एकाचा कागद आत धाडला की त्याच्या उत्तराची वाट पाहत न थांबता तो दुसऱ्याकडे वळतो, आणि आतून हाक आली म्हणजे परत पहिल्याकडे येतो. चांगल्या बारनिशीच्या टेबलावर बसलेला अनुभवी लेखनिक याहून निराळे काय करतो? पुढे २०१९ मध्ये ही कंपनी सुमारे ६७ कोटी डॉलरना विकली गेली. तिचा मूळ कार्यक्रम मात्र आजही कोणासही फुकट घेता येतो.

या युक्तीचा खरा लाभ कोणास झाला, हे बहुधा नीट सांगितले जात नाही. गर्दीच्या गोष्टी मोठ्या शहरांच्या म्हणून सांगितल्या जातात. परंतु पुढच्या सर्व्हरची मोठी कमाई संथ ग्राहकाच्या बाबतीत आहे. पांढुर्ण्याच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात दूरध्वनीचा संकेत अंधुक असेल, तर तयार झालेले पान त्या घरी पोचावयास अर्धे मिनिटही लागते. पुढे कोणी नसेल तर ते सर्व अर्धे मिनिट मागील सेवेचा एक कारकून हात धरून उभा राहतो. आणि अशी शंभर खेडी एकदम आली की सर्व कारकून उभेच, आणि काम बंद. संथ गावामुळे जलद शहरही थांबते. पुढचा सर्व्हर मध्ये असला म्हणजे तो मागील सेवेचे उत्तर एका क्षणात स्वतःच्या हाती घेतो, तिला मोकळे करतो, आणि मग खेड्यातील ग्राहकास ते घोट घोट पाजीत बसतो. अशा बसण्याचा त्याला खर्च जवळजवळ नसतो. दुबळ्या तारेवरचा माणूस त्यामुळे इतरांच्या वाटेतील अडथळा ठरत नाही, आणि त्याला वाटेतून हटविण्याचा मोह कोणास होत नाही.

नकला जवळ ठेवण्याची जुनी विद्याही येथे कामास आली. नॉर्वेतील वेर्दन्स गांग या वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठी पॉल-हेनिंग काम्प यांनी घडविलेला वार्निश हा पुढचा सर्व्हर २००६ मध्ये बाहेर आला; एकच बातमी लाखांनी मागितली तर ती प्रत्येक वेळी नव्याने कशाला जुळवावी, एवढाच त्याच्यामागील विचार. वृत्तपत्रास हे सोपे आहे, कारण सकाळची बातमी सर्वांना एकच. जातीच्या दाखल्याची नक्कल मात्र शेजाऱ्यास देता येत नाही. जेथे प्रत्येकाचे उत्तर निराळे, तेथे देवडीची शक्ती तोकडी पडते आणि सर्व भार अखेर आतल्या दालनांवरच जातो.

२८ एप्रिल २०२१ हा दिवस त्याचा साक्षी आहे. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविडच्या लसीची नोंदणी त्या दिवशी दुपारी चार वाजता कोविन या संकेतस्थळावर खुली झाली, आणि पहिल्या काही मिनिटांत देशभर अनेकांना आत शिरताच आले नाही. सरकारी निवेदनाप्रमाणे आरंभीच्या भरात मिनिटास २७ लाख विनंत्या येत होत्या. त्याच दिवशी एक कोटी तीस लाखांहून अधिक नावे नोंदली गेली, हेही तितकेच खरे. दार एकच असण्याचे सुख आणि दार एकच असण्याचे भय ही दोन्ही त्या एका दुपारी एकत्र दिसली.

असे दार अडते तेव्हा पडद्यावर काही आकडे उमटतात. खिडकीपाशी उभा असलेला माणूस ते आकडे म्हणजे खिडकीतील मुलाचाच काही गुन्हा समजतो, आणि रांगेतील राग त्या मुलावर निघतो. वस्तुतः ते आकडे देवडीवरच्या माणसाची भाषा आहेत. ५०२ म्हणजे आपण आत गेलो, पण आतून आलेले उत्तर उत्तर म्हणून घेण्याजोगे नव्हते. ५०४ म्हणजे आपण आत निरोप दिला, वाट पाहिली, आणि वेळ संपली. ५०३ म्हणजे सेवा तूर्त बंद आहे, मागाहून यावे. पहिला आणि तिसरा आकडा १९९६ च्या प्रमाणात आहे, मधला १९९७ च्या. त्यांचा सरळ अर्थ असा की, अर्जदार दारापर्यंत पोचला होता. गावची तार चालू होती, केंद्राचे यंत्र चालू होते, देवडीही जागी होती. अडले ते आत. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला, तो देशातील पहिला; ठरल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसास २५० रुपये, कमाल ५००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. असा कायदा असलेल्या राज्यात अर्ज दारापर्यंत कोणत्या दिवशी पोचला आणि तेथून पुढे कोठे अडला, याला कुतूहलापेक्षा अधिक किंमत आहे.

देवडीच्या मांडणीने दोन नवे धोकेही आणले. लिफाफ्यावर लाख लावून पाठविलेले पत्र देवडीवर फोडले जाते. ग्राहक आणि पुढचा सर्व्हर यांच्यामधील संभाषण गुप्त लिपीत चालते. पण पत्ता वाचावयाचा म्हणजे लिपी उलगडावी लागते, आणि तेथून आतल्या दालनापर्यंत ते पत्र पुष्कळदा उघडेच जाते. वाड्याच्या आतील माणसांवर विश्वास असेल तोवर ठीक. शहाण्या संस्था आतही पुन्हा लाख लावतात. दुसरा धोका नावाचा. मागील सेवेला दिसतो तो फक्त देवडीवरचा माणूस. तिच्या नोंदवहीत हजारो विनंत्या एकाच पत्त्यावरून, म्हणजे पुढच्या सर्व्हरच्याच पत्त्यावरून आल्यासारख्या दिसतात. सौंसरचा अर्जदार आणि भोपाळचा अर्जदार यांतील भेद पुसला जातो. म्हणून पुढच्या सर्व्हरने कागदाच्या माथ्यावर मूळ मागणाऱ्याचा पत्ता लिहून तो आत द्यावा अशी वहिवाट पडली. ती स्क्विड या जुन्या मुखत्यार-सर्व्हरपासून चालत आली, आणि २०१४ मध्ये तिला प्रमाणाचे रूप मिळाले. त्यातही सावधगिरी हवी. माथ्यावरची ती ओळ बाहेरचा लबाड माणूस स्वतःच लिहून आणू शकतो. म्हणून देवडीने बाहेरून आलेली अशी ओळ खोडून आपली ओळ लिहावी, आणि आतल्यांनी देवडीच्या हातची तेवढीच खरी मानावी, हा या धंद्यातील पहिला धडा आहे.

पांढुर्णा-सौंसरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र वेगळीच आहे. वेबच्या संभाषणात ग्राहकाने कोणत्या भाषेत उत्तर हवे हे सांगण्याची सोय फार जुनी आहे. १९९७ च्या प्रमाणात ती स्पष्टपणे नोंदलेली आहे. ज्याने आपल्या यंत्रावर मराठी ही पहिली भाषा म्हणून निवडली असेल, त्याच्या प्रत्येक विनंतीबरोबर मराठीची दोन अक्षरी खूण आपोआप देवडीपर्यंत जाते. पुढच्या सर्व्हरने ती वाचली तर मराठी मागणाऱ्यास मराठी पानाकडे आणि हिंदी मागणाऱ्यास हिंदी पानाकडे वळविणे हे त्याच्या लेखी काही ओळींचे काम आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाणे मांडणाऱ्या प्रत्येकास संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत आपले निवेदन देण्याचा हक्क १९५० पासून दिला आहे. आणि ज्या वर्षी हा भाग भोपाळच्या सरकारकडे राहिला, त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद झाली. हक्क आहे, आणि यंत्रात सोयही आहे.

सीमेवरच्या शेतकऱ्यास यातील उणीव कोणी समजावून द्यावी लागत नाही. पलीकडे वरूड, नरखेड, सावनेर. अलीकडे पांढुर्णा, सौंसर. पलीकडील सोयऱ्याच्या जमिनीचा उतारा म्हणजे सातबारा, आणि तो महाराष्ट्राच्या संकेतस्थळावर मराठीत निघतो. अलीकडील जमिनीचा उतारा म्हणजे खसरा, आणि तो हिंदीत. माती एक, संत्र्याची बाग एक, घरातील भाषा एक. फक्त दारे दोन. अलीकडच्या दाराशीही मराठीची ती दोन अक्षरे रोज येतात. देवडीवरचा माणूस ती वाचू शकतो. परंतु आत मराठीचे दालनच मांडलेले नसेल, तर त्याने कागद न्यावा कोठे? त्याच्यापाशी हिंदीचे दालन उघडून देण्यावाचून इलाज उरत नाही, आणि कोणताही आकडा पडद्यावर उमटत नाही. नाही म्हटल्याची नोंदही कोठे होत नाही.

२०२३ मध्ये नवा जिल्हा झाला तेव्हा पाट्या रंगविल्या गेल्या, शिक्के बदलले, अधिकाऱ्यांच्या नेमणुका झाल्या. सौंसरचा माणूस आजवर जिल्ह्याच्या कामासाठी उत्तरेस घाट चढून छिंदवाड्यास जात असे. आता त्याला पश्चिमेस पांढुर्ण्याची वाट धरावी लागते. लोकसेवेचे संकेतस्थळ मात्र सर्व राज्यास एकच. खिडकीतील मुलगा आदल्या महिन्यात जो पत्ता टिपत होता, तोच त्याने पुढच्या महिन्यातही टिपला. आतमध्ये सौंसरचे कागद छिंदवाड्याच्या रकान्यातून काढून पांढुर्ण्याच्या रकान्यात लावले गेले, आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्या फेरबदलाची खूण फक्त दाखल्यावर छापलेल्या जिल्ह्याच्या नावात दिसली.